न मागितलेलं पाणी

चहाच्या आधी पाणी पुढं आलं की मला हटकून अहमदपूरचे शिवप्पा आठवतात. लातूर तेव्हा नवाच जिल्हा झालेला, मी कचेरीत कारकून, अन् वरून दुष्काळ. हुकूम निघाला, की गिऱ्हाईकानं मागितल्याशिवाय हॉटेलात पाणी ठेवायचं नाही. या हुकमाचा धंद्यावर काय परिणाम झाला ते बघायला मुंबईहून सल्लागार साहेब आले. सोबत मला धाडलं.

भर उन्हात आम्ही शिवप्पांच्या हॉटेलात जाऊन बसलो. साहेबांनी विचारलं, "या नियमानं तुमचं काय नुकसान झालं?"

"नुकसान कशाचं? फायदाच हाय. नुसतं पाणी प्यायला येणारे आता येत न्हाईत. बाकडी मोकळी ऱ्हातात."

"मग नियम ठेवू या?"

"न्हाई साहेब, काढा."

"अहो, आत्ताच फायदा म्हणालात ना?"

"हाय की. पण एसटीतून उतरलेलं म्हातारं माणूस दारापर्यंत येतं, आत बघतं अन् तसंच माघारी जातं. चहा घ्यायचा न्हाई तर पाणी कसं मागावं, म्हणून लाजतं. लई जिवाला लागतं हो."

साहेबांनी घसा खाकरला, ओठांवरून जीभ फिरवली, कोपऱ्यातल्या रांजणाकडं बघितलं अन् नजर वळवली. मागायची मुभा होती, पण नियम तपासायला आलेल्या माणसाची जीभ रेटेना.

शिवप्पांनी उठून पेला भरला अन् त्यांच्यापुढं ठेवला.

साहेब दचकले. "मी मागितलं नव्हतं."

"मागितलंत की साहेब," शिवप्पा म्हणाले. "फकस्त बोलला न्हाईत."