ओढ्यापलीकडचे कांदे

...नाही, तुम्हीच सांगा! बी माझ्या दुकानातलं, खत माझ्या दुकानातलं, झारीसुद्धा माझ्याच दुकानातली, आणि गावच्या प्रदर्शनातला सगळ्यात मोठ्या कांद्याचा चांदीचा कप मात्र दरवर्षी त्या पेटिफरच्या फडताळात! का? तर तो लिटल थॉर्पचा, जुन्या गावातला, आणि मी, नॉर्मन टकवेल, नव्या शहरातला. मध्ये काय? एक ओढा! बेडूकसुद्धा एका उडीत पार करतो!

तुम्हाला सांगतो, आमचं शहर सरकारनं एका दमात उभं केलेलं, सगळी दारं सारखी, पहिल्या वर्षी मी दोनदा शेजाऱ्याच्या घरात शिरून "चहा टाक गं" म्हणालोय! आणि परसात माती कसली, नुसता विटांचा चुरा! पण वीस वर्षं घोड्याची लीद घातली, पालापाचोळा कुजवला... शेवटी अशी माती झाली की बोट रोवलं तर बोटाला पालवी फुटेल! कांदा बाळाच्या डोक्याएवढा! तो घेऊन गेलो गावच्या प्रदर्शनाला, तर मंडपाच्या दारात पेटिफर, चष्म्यावरून बघत, "व्वा, टकवेलसाहेब! कांदा झकास! पण नियमाप्रमाणे गावच्या मातीतला हवा हो... चहा घेणार?" हे गोड बोलणंच झोंबतं बघा! शिवी दिली असती तर परवडलं असतं! मध्ये काय? एक ओढा!

मग? विकलं घर! बायको, मेव्हिस, म्हणाली, "आज कांद्यासाठी घर विकतोस, उद्या मुळ्यासाठी मला विकशील!" तरी घेतलं गावातलं जुनं घर, गवती छपराचं. दार इतकं ठेंगणं की रोज कपाळमोक्ष! परसात कुदळ मारली... ठण्ण! खाली नुसती गारगोटी!

वसंतात पेटिफर केक घेऊन हजर. "आता तुम्ही आमचेच! तुम्हाला दरवर्षी परत पाठवताना जीव तुटायचा हो, म्हणून समितीशी भांडून तो नियमच काढून टाकला. यंदापासून शहरवाल्यांनाही मोकळीक!"

केक तसाच बशीत ठेवला! पण म्हटलं, येऊ देत की शहरवाले, तिकडे कांदा पिकवणारा मी एकटाच होतो, आणि मी तर आता इकडे!

माझे कांदे आले गोटीएवढे. आणि कप कुणाला? पेटिफरलाही नाही! माझं घर घेतलं ना, त्या गिलियनला! इस्पितळात नर्स आहे पोरगी, कांदा फक्त चिरून माहीत! वर मलाच म्हणते, "काका, मी काहीच केलं नाही हो, नुसतं पाणी घातलं!" काही केलं नाहीस, दिसतंय ना! वीस वर्षं मी केलंय!

आता रोज संध्याकाळी ओढ्याकाठी उभा राहतो, समोर माझी काळीभोर माती. पोरगी मनाची चांगली, हाक मारते, "काका, न्या की हवी तेवढी!" गेलो परवा, दोन बादल्या भरल्या, परत निघालो. मध्ये काय, एक ओढाच की... मारली उडी, आणि माती सगळी पाण्यात!

पण भरल्या बादल्यांनी उडी मारायला मी काय बेडूक आहे?