चालू आहे, हीच तक्रार

…आणि वर मलाच विचारतात, "चालू आहे ना जी? मंग नवा कायले पायजे?" आता काय सांगू तुम्हाला. चालू आहे, मान्य. वीस वर्षांपूर्वी आलेला आमच्या शाळेचा कॉम्प्युटर, प्रार्थनेच्या आधी बटण दाबलं की हजेरी आटोपेपर्यंत उठतो, नवेगावच्या तळ्यातून म्हैस निघते तसा, सावकाश. उठला की फ्लॉपी मागतो, आणि फ्लॉपी आता गोंदियातही मिळत नाही. पण चालू आहे. पोरं साठ, कॉम्प्युटर एक, आणि आचल यंदा दहावीत. तिचा नंबर आला की नेमकी लाइट जाते. मार्चमध्ये ती शाळा सोडेल, मग चिचगडच्या जंगलात मोह वेचता वेचता कुठला माउस धरणार ती?

म्हणून मी, पुण्यात शिकून गावात शिकवायला परत आलेला शहाणा, गोंदियाच्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेलो. बाबू म्हणाले, "भाई, बंद है लिख के लाओ, नया ले जाओ." म्हटलं, बंद नाही हो. "मंग चालू आहे ना?"

आमचे मुख्याध्यापक केशोराव सर. त्यांना म्हटलं, लिहा बंद. तर म्हणतात, "मी कायले खोटं लिहू बापू? दसऱ्याले मीच हार घालतो त्याले. चालू आहे ना?"

बरं, खोटं मलाही नको. ठरवलं, याला प्रामाणिकपणे मारायचा. दिवसभर वापरायचा. पोरांना सोडलं त्याच्यावर. व्होल्टेज नाचलं, आत मुंग्या गेल्या, लोकेश नावाच्या पोरानं कीबोर्डवर पाण्याची बाटली उपडी केली… तुम्हाला सांगतो, मेला नाही. उलट लवकर उठायला लागला.

मग गोंदियाहून साहेब तपासणीला आले. बटण दाबलं. मी मनात म्हणतोय, आता तरी दगा दे बाबा… आणि पडद्यावर लख्ख उजेड. साहेब गहिवरले. "काय जपून राहिले तुम्ही. चालू आहे ना, मंग बस." टाळ्या, नारळ, शाल. शाल मला, बरं का.

आणि नवा? आला ना नवा. पलीकडच्या गावच्या शाळेत. तिथं त्यांच्या जुन्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही, उंदरांनी वायरी खाल्ल्या, रीतसर बंद.

आचल विचारते, "सर, आपल्या शाळेत उंदीर नाही काय?"

आहेत, म्हटलं बाई. पण आपले पोषण आहाराच्या तांदळावरच खूश आहेत.