रंगूबाईच्या बांगड्या

हॅलो? … हॅलो, कोण? … हां, दिशा! अगं, जरा मोठ्यानं बोल. पुण्याहून बोलतेस की विहिरीतून? … हो, हो, आता येतंय. … नाही, बाबा नाहीत घरी. पिंपळगावला गेलेत, आत्याकडे. मी एकटीच आहे, तनयच्या खोलीत. म्हणजे तुझा भाऊ परगावी राहतो, आता त्याची कसली, ऐकायची खोली म्हणायचं तिला. भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्यात. … हसतेस काय! आवाज आपटून परत येत नाही त्यानं. स्पीकरच्या दुकानातला यादवसुद्धा म्हणाला, मॅडम, झकास केलंत. फक्त गुदमरायला होतं, म्हणून खोलीचं दार सताड उघडं ठेवलंय.

… तेच तर सांगतेय ना, ठरत नाहीये! स्पीकरच्या दोन जोड्या समोर उभ्या आहेत, शाळेत उशिरा आलेल्या पोरींसारख्या. एक ठेवायची, दुसरी यादव संध्याकाळी परत न्यायला येणार. … अगं, उंच नकोतच. रविवारी रंगूबाई येतेय ना, इगतपुरीच्या पाड्यावरून, सुनांना घेऊन. मी टेप केलेल्या स्वतःच्या ओव्या ऐकायला. ती काय खुर्चीवर बसणार आहे? जमिनीवर मांडी घालणार. उंच स्पीकरमधला बारीक आवाज तिच्या डोक्यावरून निघून जाईल. … आणि फळीवरचे छोटे घेतले, तर जात्याची घरघर कुठून यायची? जातं पोटात ऐकू यायला हवं. म्हणून हे. लहान चणीचे, पण जमिनीवर पाय रोवून उभे.

… अगं ऐक ना. पहिली जोडी, काळी. तिला पाठीला भोक आहे, भिंतीजवळ ठेवली की नुसती घुमते. हातभर पुढे ओढली, आता जातं छान येतं. पण वरचं सगळं… कसं सांगू… घोंगडी पांघरून गातंय कुणी. दुसरी लाकडी रंगाची. यादव म्हणाला, हिचा आवाज लखलखीत आहे, कानाला टोचेल, सांभाळा. कसलं टोचतंय! लोण्यासारखी मऊ. … बाबा? बाबा दोन मिनिटं बसले नि कानांवर हात ठेवून उठून गेले. त्यांचं काय विचारतेस!

… हो, त्याच्या आधीचीही जोडी परतच केली. तीही तशीच. … दिशा, खरं सांगू? स्पीकरचं नाहीये हे. … बांगड्या गेल्यात. … रंगूबाईच्या! ती दळणाची टेप आठवते ना? खुंटा फिरला की दर फेऱ्याला तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. तू त्या ऐकत झोपायचीस. 'हातची बांगडी बोलते पिठाशी, जीव माझा उभा घाटाच्या काठाशी…' त्यात बांगडीच नाही आता. जातं आहे, गळा आहे, मागे कोंबडा आहे. आणि हात मुका.

… टेप खराब झाली म्हणतेस? मग तेवढ्याच कशा गेल्या, निवडून? … अगं, हसण्यावारी नेऊ नकोस. बाईचा हात मुका होणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुला? काल मला घास गेला नाही. शेवटी आज सकाळी पाड्यावर फोन केला. … हो, केला! तिच्या नवऱ्याचं विचारणार कसं? 'सोमनाथदादा बरे आहेत ना' एवढंच. तेच होते फोनवर. खोकत, हसत. 'मला काय धाड भरलीय बाई, आत्ता चिखलातून आलो, लय भात लावला.' … हो गं, बरं वाटलं. घटकाभर. मग मनात आलं, तिकडे सगळं ठीक आहे, तर हे सांगणं कुणाचं आहे?

… बाबा पोचले, फोन आला त्यांचा. … नाही, घाबरले नाहीये. पण घर कसं गप्प गप्प झालंय. पेरूवर पाखरं येतात, चोची हलतात नि उडून जातात. बेल बिघडलीय. दूधवाला दार धडाधडा बडवतो आणि वर माझ्यावरच चिडतो. … कधीपासून? दिवाळीपासून असेल. … बाबा म्हणतात, बेल चांगली आहे. … का विचारतेस तू हे? … डॉक्टरचं काय मधेच? मी स्पीकरचं बोलतेय! … माझे कान? अगं, गावोगावच्या बायकांचं ओठांतल्या ओठांतलं गाणं टिपलंय मी ह्या कानांनी. … चिडत नाहीये. … नाही चिडत म्हटलं ना!

… बरं. बरं बाई, लावते. फोन स्पीकरसमोर धरते. बांगडी आली की 'हं' म्हण, मोठ्यानं. नाहीच येणार, फोनवर तर नाहीच. … थांब. … लागलं. धरलाय बघ.

… काय? आत्ता? … कुठे? … परत? … दर फेऱ्याला? … दिशा, माझी समजूत काढू नकोस हं. … खरंच? … कशा वाजतायत, सांग. … तशाच. तू झोपायचीस तेव्हा वाजायच्या, तशाच.

… बंद केलं. … रडत नाहीये. … एक कर. आता ऐक. हा माझा हात. हलवतेय. … वाजल्या? … मागच्याच आठवड्यात भरल्यात, हिरव्या. … खणखणीत? … मला वाटलं, चुडा घट्ट बसलाय. म्हणून गप्प आहे.

… काय? अजून काय येतंय तुला? … चिमण्या? भर घरात कुठल्या चिमण्या, खिडक्या सगळ्या लावलेल्या आहेत. … सारख्या? थांबून थांबून? एकाच सुरात? … दिशा. … ती बेल आहे. चिवचिवाटाची. बाबांनी हौसेनं बसवलेली. … म्हणजे यादव आलाय दारात. कधीपासून वाजवतोय गं?

… हो, उघडते. उघडते ना. पण कुठली जोडी देऊ परत? तूच सांग आता. … रविवारचं काय करू? रंगूबाई ओवी संपली की माझ्या तोंडाकडे बघते. बांगडी नीट आली ना, विचारते दरवेळी. … काय सांगू मी तिला?

… थांब, ठेवू नकोस. दारापर्यंत बोलत राहा. काहीही बोल. … अजून वाजतेय का बेल? … दिशा? … थांबली? … काहीच येत नाहीये. … लाईन कटली का गं? … की… दिशा, तू बोलतेयस?

…

हॅलो?