पट्टी-पेन्सिलीचा कॉम्प्युटर

काय तर म्हणे, आपली पोरं जगाच्या बाजारात उतरायला सज्ज झालीयत! अरे, माझ्या भाचीचंच ऐका. यावलची पोर, देवपुरात माझ्याकडे राहून इंजिनीअरिंग करतेय, शेवटचं वर्ष. परवा बघतो तर पट्टी-पेन्सिल घेऊन वहीत चौकटी आखत बसलेली.

“ड्रॉइंग आहे का गं?”

“नाही मामा, कॉम्प्युटरचं प्रॅक्टिकल. प्रोग्राम चालवल्यावर स्क्रीनवर जे दिसतं, ते जर्नलमध्ये काढायचंय.”

“तू चालवून पाहिलास?”

“छे! लॅबला कुलूप असतं. मागच्या वर्षीच्या मुलींच्या जर्नलवरून उतरवतेय.”

“आणि त्यांनी?”

“त्यांनी त्याच्या आदल्या वर्षीच्या.”

माझं डोकंच फिरलं. तडक कॉलेजात गेलो. शिपायाने मोठ्या कौतुकाने लॅब उघडून दाखवली, “बठ्ठं नवं शे, भाऊ!” सगळं नवंच होतं. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

विभागप्रमुखांना गाठलं. म्हटलं, “पुढच्या महिन्यात पुण्याची कंपनी मुलाखती घ्यायला येतेय, आणि तुम्ही लॅबला कुलूप लावून बसलात?”

अडाण्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत साहेब म्हणाले, “अहो, कंपनीवाले आधी लॅब बघतात. पोरांनी हात लावून ठेवला, तर त्यांना दाखवू काय?”