आमचा नाला आफ्रिकेत गेला

— नाही मॅडम, सुधारलं म्हणजे सुधारलंच, लिहा तसं — कारखान्याच्या शेठनं पैसा परदेशात गुंतवला अन् इथलं पाणी सुधारलं. देवपूरहून एवढ्या उन्हात अभ्यासासाठी आल्या तुम्ही, खोटं कशाला सांगू? हा नाला बघा. आधी कसा होता? कारखान्यात ज्या रंगाचं कापड, त्या रंगाचा नाला! माझी मेथी मंडईत कोणी हातात घेईना — हिलाल नानाची का, मग ठेव बाजूला. वर्षानुवर्षं बसलो मी त्यांच्या गेटवर, घसा कोरडा केला. शेवटी प्रदूषणवाले आले, नियम कडक झाले, अन् शेठनं अख्खं रंगखातं उचलून नेलं थेट आफ्रिकेत. इथे आता नुसती शिलाई. जिंकलो ना मी? गावानं हार घातला.

हार! डोंबलाचं जिंकलो. घाण गेली कुठे, ते विचारा ना — काय, तुमच्या अभ्यासात तो प्रश्नच नाही? वा! तिथे नदी आहे मॅडम. माझा किरण तिथेच आहे, त्याच रंगखात्यात सुपरवायझर — मग काय करणार होता, इथलं बंद झाल्यावर? फोनवर दाखवतो मला, मागे नदी, लालभडक. अन् हसतो. "आबा, आठे बी एक म्हतारा शे, तुमना मायक. रोज गेटवर येस, भाजी दखाडस न वरडस." माझ्यासारखाच म्हातारा, रोज गेटवर भाजी दाखवून ओरडतो; त्याची भाषा किरणला कळत नाही. मला कळते. न ऐकता बठ्ठं, सगळं कळतं, तो काय ओरडत असेल ते.

नाही, पोरावर राग नाही माझा. शेठवर — शेठवर तरी काय — तुम्ही चहा घ्या, गार होतोय. परवा पोरगा हसला नाही. साहेबानं दम दिला म्हणे, म्हातारा गेटवरून हलला नाही तर तूच घरी जा. अन् बापालाच विचारतो — आबा, तुम्ही कशानं गप्प बसला असता?

काय सांगणार? घरी सून आहे, नातवंडं आहेत, सगळं त्याच्या पगारावर... सांगितलं मी. म्हटलं, त्या म्हाताऱ्याला मुलगा आहे का बघ. असला तर कामावर घे.

— ते लिहू नका. काय बघता माझ्याकडे? बंद करा ते फोनवरचं रेकॉर्डिंग. बंद करा म्हटलं ना! निघा आता, तुमची बस जाईल.