सात मीटरचं पाणी

बाबा : कुणाचा विश्वास बसणार नाही, पण सांगतो. नऊ वर्षं दर सोमवारी त्या सरकारी बोअरमध्ये टेप सोडला, आणि नऊ वर्षं पाणी सात मीटरवर. बोटभर वर नाही की बोटभर खाली नाही!

लेक : आज त्या कामावर माझा पहिला सोमवार होता, बाबा.

बाबा : म्हणून तर गुपित सांगतोय. तळाशी कासव आहे, हे एवढं. पाणी उतरायला लागलं की पठ्ठ्या पाठीवर उचलून धरतो. एकदा टेपच पकडला त्यानं. अर्धा तास रस्सीखेच!

लेक : साहेबांनाही हेच सांगायचात?

बाबा : चहा पाजून ऐकायचे. मग सही.

लेक : त्या सात मीटरच्या नोंदीवर आपल्या एका गल्लीत बेचाळीस बोअरना परवानगी मिळाली.

बाबा : माणसं वाढली गं. त्यांनी काय समुद्र प्यायचा?

लेक : तोच पितोय आपण. फार उपसलं की समुद्र जमिनीखालून आत सरकतो, हे मला तुम्हीच शिकवलंत.

बाबा : हळू. आई जागी होईल.

लेक : सहा महिने तिच्या जेवणात मिठाचा कण नाही, तरी प्रेशर उतरत नाही. चोरून खातेस म्हणून तुम्ही ओरडलात, ती रडली. आज आपल्या बोअरचं पाणी तपासून आणलं. मीठ त्यात आहे.

बाबा : ...कासव म्हातारं झालं असेल.

लेक : बाबा!

बाबा : अगं, टेप नीट सोडला नसशील. आधी टेपला खडू लावायचा, कुठवर भिजला ते कळतं, मग हलक्या हातानं...

(आतून आईची हाक : "कुणी घोटभर पाणी देता का?")

लेक : थांबा, माठातलं नको. मी बाटली आणलीय, ती देते... हं. सरकारी बोअरचं पाणी एकोणीसवर आहे, बाबा. दोनदा मोजलं.

बाबा : एका आठवड्यात एवढं उतरलं?

लेक : झाकण पाइपाला गंजून बसलं होतं. वेल्डरकडून कापून घेतलं.

बाबा : खारी हवा. महिन्याभरात गंजतं.

लेक : आतल्या बाजूला रंगानं लिहिलंय, 'सात मीटर'. अक्षर तुमचं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, तुमच्या पहिल्या सोमवारची. त्यानंतर ते झाकण तुम्ही उघडलंच नाही.