टोकाचा हीटर

—नाई नाई, पंखा नसते त्या पंपात, हर्षा! तुया बापानं एवढंबी नाई सांगितलं तुले? ना पंखा, ना शाफ्ट, ना बेअरिंग. नुसती नळी, अन् तिच्याभवती तांब्याचे कॉइल — याच हातानं गुंडाळलेले. करंट सोडला का चुंबकच ढकलते सोडियमले, पान्यासारखं वाहाते. अणुभट्टी थंडी ठेवाले लागते ते. कुम्हारी गावच्या टिनाच्या शेडमंधी बनवला आमी तो पंप, मी न तुहा बाप चिंधू. मोठे मोठे साहेब म्हनत, नरहरीजी, कमाल है. कमाल! बस न तू. चहा ठेवू? नको त नको.

अजून तेच म्हनते का तुहा बाप — तो अपघात माह्याच हातून झाला म्हनून? सात वर्सं झाले, डोये गेले, तोंड जळलं, तरी तेच? साधा मानूस. तू इंजिनियरिंग शिकून राहिली न, त आइक. सोडियम थंडं झालं का गोठते, मेनावानी. त्या टाइमले पंप दोन दिवस बंद होता, त्याले जोडलेल्या लांब नळीत गोठलं. ते पातळ कराचं त टोकापासून, जिकडं मोकळी जागा आहे तिकडून. मधातूनच तापवलं त फुगते, अन् जाईन कुठं? नळी फाडते. चिंधूले माहीत नोतं का हे? मायापेक्षा जास्त माहीत होतं! त्यानं टोकाच्या हीटरचंच बटन पहिले दाबलं. बटनावरची बत्ती लागली. पाऊन घंटा थांबला, मंग मधातलं दाबलं. बरोबरच केलं त्यानं. आता बत्ती लागली म्हनजे हीटर तापते असं थोडी—

अशी पाहून नको राहू मायाकडं.

जळाला होता टोकाचा हीटर. त्या दिवशी सकायी मीटर लावला मी, काटा हाललाच नाई. मालकाले सांगितलं, भैय्याजीले. म्हने, साहेब येऊन राहिले, हार आनले, आजचा डेमो होऊ दे, तपासनीच्या वहीत लिहून टाक. लिहिलं. सब ठीक. खाली माही सही. चिंधूनं ते वाचूनच बटन दाबलं — नरहरीनं लिहिलं म्हनजे ठीकच असन. मी काचेच्या मांगं उभा. कावून नाई ओरडलो? वाटलं, निभून जाईन. साहेब उभे होते न बाजूले! अन् त्या लांब नळीचं वेल्डिंग फाटलं. पांढरा धूर, अन् धुरातून चिंधूचा आवाज. एक साहेब पान्याची बाल्टी घेऊन धावला, मी लाथ मारली बाल्टीले — सोडियमवर पानी पडलं असतं त शेडच उडालं असतं. तेवढ्यावर शाल देली मले. नरहरीनं सगळ्याहिले वाचवलं म्हने.

पंपाले काही नाई झालं. खरोंचबी नाई.

चौकशीत विचारलं, चूक कोनाची? मी म्हटलं, चिंधूनं मधातलं बटन आधी दाबलं असन. 'असन' म्हटलं मी! 'दाबलं' असं नोतं म्हटलं. दवाखान्यातबी तेच सांगितलं त्याले. डोयावर पट्ट्या होत्या. म्हने, मले काही आठवत नाई गा नरहरी, तू सांगतं त तसंच झालं असन. माहाच हात धरून म्हने. तवापासून खुर्सीपारच्या तुमच्या गल्लीत पाय नाई ठेवला मी — अन् तू म्हनतं, बाबा याद करून राहिले, एकडाव भेटून जा. कोन्या तोंडानं येऊ?

उठली कावून? सांगशीन त्याले? नको सांगू. नाई — सांग. मले नाई जमत, तूच सांग. …हे पाह्य, रडाचं नाई इथं. माही बायको येईन आता बाजारातून, तिले यातलं काहीच माहीत नाई. जा. जा म्हटलं न! दार ओढून घे.